मेत्रे सरांना दिसलेली चूक

गुलबर्ग्याला आमच्या विभागात भिंतीवर लावायच्या अंकासाठी प्रत्येकाने आपल्या एका शिक्षकाविषयी लिहून द्यायचं ठरलं. बाकीच्यांनी दोन दिवसांत दिलं. कुणाच्या बाईंनी घरी येऊन वडिलांची समजूत काढली होती, कुणाच्या गुरुजींनी तापात डोक्याशी बसून धडे वाचून दाखवले होते. माझ्याकडे असं काही नाही. मला जे थोडंफार येतं ते हुमनाबादच्या मेत्रे सरांनी शिकवलं, हे खरं आहे. मेत्रे सरांना मी माफ केलेलं नाही, हेही खरं आहे. ही दोन वाक्यं एका पानावर कशी बसवायची ते मला कळेना, म्हणून उशीर झाला. आता लिहायला बसले तर ते एका पानात मावत नाही.

बीसीएच्या शेवटच्या वर्षाला ते आम्हाला होते. अंगाने किरकोळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, एप्रिलच्या उन्हातसुद्धा मनगटाची बटणं लावलेली. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक तांबडं. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, त्यामुळे वेळ बघताना ते तळहात समोर धरायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं की आता थप्पड बसणार. ते रोज बीदरहून निघून मन्नाएखेळ्ळीला बस बदलून यायचे. त्याआधी चार वर्षं हैदराबादला मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत होते. ती नोकरी सोडून आमच्या सहा कॉम्प्युटरच्या कॉलेजात ते का आले, हे कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

खेळ बनवताना चित्रं आणि आवाज एकीकडे असतात, आणि काय झालं की पुढे काय व्हायचं हे सांगणाऱ्या ओळी दुसरीकडे असतात. त्या ओळी ज्या भाषेत लिहितात तिला स्क्रिप्ट म्हणतात. आमच्या अभ्यासक्रमात ती नव्हती. सरांनी ती स्वतःहून शिकवायला घेतली. त्यात फार करून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढंच. फक्त आकड्यांच्या जागी नावं.

पहिल्या दिवशी ते फळ्याकडे गेलेच नाहीत. खुर्चीवर बसून म्हणाले, "व्हेरिएबल म्हंजे डबा. भाईर नाव, आत आकडा. सूत्र लिवताना तुमी डब्याचं नाव लिवता, मशीन डबा उघडून बघतंय. डबा रिकामा असला तर मशीन तुमच्यासारखं गप बसत न्हाई, बोंबलतंय." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

त्या दिवशी मी लिहिलेलं सूत्र साधं होतं. खेळाडूचे उरलेले जीव गुणिले दहा, की झाले गुण. पण जीव हा शब्द इंग्रजी अक्षरांत मी एका ठिकाणी एक आय घालून लिहिला आणि दुसऱ्या ठिकाणी दोन ई घालून. दहावीपर्यंत माझं इंग्रजी म्हणजे फळ्यावरून उतरवून घेणं होतं, त्यामुळे मला ते दोन्ही सारखेच वाटले. मशीनला ते दोन वेगळे डबे वाटले आणि त्यातला एक रिकामा. त्या भाषेत रिकाम्या डब्यातल्या किमतीला 'निल' म्हणतात. पडद्यावर ओळ आली की निलवर गणित करता येत नाही.

सरांनी माझ्यामागे उभं राहून ती ओळ वाचली आणि नाव विचारलं.

"नीलम्मा," मी म्हणाले.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "निल."

वर्ग हसला. त्या दिवसापासून वर्षभर मी निल होते. हजेरीला निल, वही परत देताना निल. दुबलगुंडीहून कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिली. माझ्या वडिलांना लिहिता येत नाही. शाळेत घालताना त्यांनी गुरुजींकडून जन्मात एकच शब्द सांगून लिहवून घेतला, तो माझं नाव. त्याचा अर्थ 'काहीच नाही' असा झालेला मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सरांना काही शब्द चालायचे नाहीत. थोडं, जरा, अंदाजे, बहुतेक. हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले की ते बोलणं तिथेच थांबवायचे. चिंताकीचा एक मुलगा आजोबा वारले म्हणून गैरहजर होता. परत आला तेव्हा डोक्याचे केस काढलेले होते. सरांनी विचारलं, किती दिवस नव्हतास. तो म्हणाला, थोडे दिवस गावी होतो. सर म्हणाले, थोडे म्हणजे किती. मुलगा गोंधळला. बोटांवर मोजायला लागला आणि मोजता मोजता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सर तळहात समोर धरून घड्याळ बघत उभे राहिले. तो "तेरा" म्हणाल्यावरच त्यांनी त्याला बसू दिलं.

दुसरा त्यांचा नियम म्हणजे आधी कागद, मग मशीन. प्रत्येक सूत्र वहीत खरे आकडे घालून पायरीपायरीने सोडवायचं. आमच्याकडे लाईट जायची तिचा काही भरवसा नव्हता, म्हणून हा नियम सोयीचाही होता. पण सरांना त्यात आनंद होता तो वेगळाच. वही हातात घेऊन ते चूक शोधायचे तेव्हा त्यांचा चेहरा निवायचा. चूक सापडली की तांबडं गोल, आणि गोलाशेजारी तारीख आणि वेळ, तासमिनिटांसकट. बरोबर असलं की नुसती निळी सही, तीही तारखेसह. एकदा एकाने दोघांचं सरासरी वय काढायचं सूत्र लिहिलं आणि कंस घातला नाही. वीस अधिक बावीस भागिले दोन. मशीन भागाकार आधी करतं, म्हणून उत्तर आलं एकतीस. सरांनी त्याला आणि त्याच्या जोडीदाराला शेजारी शेजारी उभं केलं.

"बघा रे," ते म्हणाले, "ह्यो वीसचा, ह्यो बावीसचा, आन दोघांचं सरासरी वय एकतीस. पोरंबाळं किती म्हणायची मंग?"

तेव्हा मीही हसले होते. ते लिहायला हवं. आपल्यावर नसलं की त्यांचं बोलणं ऐकायला बरं वाटायचं. आणि कंस घालायला त्यानंतर कुणी विसरलं नाही.

माझी जोडीदार महादेवी होती. एका कॉम्प्युटरवर दोघी. ती मन्नाएखेळ्ळीची, घरी कन्नड बोलणारी, पण मराठी माझ्याइतकीच चांगली येणारी. तिचे आईवडील ती आठ वर्षांची असताना बांधकामावर हैदराबादला गेले, आणि तिला मामाकडे ठेवलं, शाळा मोडू नये म्हणून. मामांचं मन्नाएखेळ्ळीच्या स्टँडसमोर चहाचं हॉटेल आहे, कॉलेजाआधी रोज सकाळी ती तिथे चहा द्यायची. आई वर्षातून दोनदा यायची, पंचमीला आणि जत्रेला, चार चार दिवस. महादेवी सांगायची की तिला आईच्या हातचा स्वयंपाक आठवतो, पण आई घरात रोज असते म्हणजे काय असतं ते आठवत नाही.

दिवाळीनंतर सर म्हणाले की मार्चमध्ये हैदराबादहून त्यांच्या ओळखीचे एक साहेब येणार आहेत. त्यांना मोबाईलच्या खेळांच्या स्क्रिप्ट लिहायला एक जोडी हवी आहे. प्रत्येक जोडीने एक खेळ करायचा, साहेब तो खेळून बघतील आणि एकाच जोडीला नेतील. महादेवीने त्या संध्याकाळी आईला फोन केला. आई ज्या खोलीत राहते तिथे भिंतीला तीन खुंट्या आहेत. आईने लगेच एक मोकळी केली, असं ती मला दुसऱ्या दिवशी सांगत होती. नुसती नोकरी लागली म्हणून मामा तिला एकटीला शहरात पाठवणार नव्हते, पण आईकडे राहायला पाठवायला ते तयार होते. म्हणजे ती जोडी आम्ही झालो, तर बारा वर्षांनी ती आईजवळ राहणार होती. नाही झालो, तर नाही.

हे सरांना माहीत होतं. ते रोज मामांच्या हॉटेलात चहा प्यायचे, बस बदलताना. मामांनीच त्यांना सांगितलं होतं, हात जोडून.

आमचा खेळ मेंढरांचा होता. एक कळप, एक विहीर, सात दिवस. विहिरीत पाणी ठरलेलं, खेळणाऱ्याने रोज कळप किती वेळ कुठे चारायचा आणि पाण्यावर कधी न्यायचा ते ठरवायचं, आणि सातव्या दिवसापर्यंत सगळी जगवायची. कल्पना माझी. आमच्याकडे पूर्वी मोठा कळप होता, आता वडील लोकांच्या शेतात जातात आणि घरची अकरा मेंढरं उरली आहेत. सूत्र लिहिताना मी मोठ्या मेंढराला पाण्याचा एक वाटा धरला आणि कोकराला अर्धा. सरांनी विचारलं, अर्धा कशावरून. मी म्हणाले, अंदाजे.

"अंदाजे म्हंजे तू बघितली न्हाईस," ते म्हणाले. "मेंढरावाल्याची पोरगी, आन कोकरू किती पितंय म्हाईत न्हाई. जा, मोजून ये."

मला राग आला. पण रविवारी मी मोजलं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. "तुजा सर येडाबिडा हाय का? मेंढरू किती पाणी पितंय ते इचारायलाय?" मग दगडी डोणीत तांब्याने मोजून पाणी ओतत बसले, एकेक मेंढरू सोडत. मी लिहून घेत होते. दुपार झाली तरी ते उठले नाहीत. मोठं मेंढरू चार तांबे, कोकरू एक तांब्या. दोन तीन वेळा बघितलं, तेच आलं. वडील म्हणाले, "पर इचारलाय ते खरं हाय. सारा जनम मेंढरामागं गेला, कुणी मोजलंच न्हाई." त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मला अजून दिसतो, आणि तो मेत्रे सरांमुळे होता, हे मला नाकारता येत नाही.

सोमवारी मी सांगितलं, अर्धा नाही, पाव. सरांनी वहीवर निळी सही केली आणि म्हणाले, "हे खरं." वर्षभरात माझ्या वाट्याला आलेली त्यांची शाबासकी तेवढीच.

आता ती चूक. जितकी सोपी करून सांगता येईल तितकी सांगते.

काम आम्ही वाटून घेतलं होतं. मेंढरं पाणी पितात तो भाग महादेवीचा. दिवस बदलतो आणि पडद्यावर "काल विहिरीत इतकं पाणी होतं" असं दिसतं, तो भाग माझा. महादेवीला पाव हा आकडा एका डब्यात ठेवायचा होता. कन्नडमध्ये पाव हिश्श्याला 'काल' म्हणतात. तिने इंग्रजी अक्षरांत डब्याचं नाव लिहिलं काल, आणि आत ठेवला पाव. मला कालचं पाणी ठेवायला डबा हवा होता. मी पण इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं काल. तीच तीन अक्षरं, के, ए, एल. त्या भाषेत डबा कुणाचा हे आधी सांगून ठेवलं नाही, तर तो सगळ्यांचा असतो. म्हणजे आमच्या दोघींचा डबा एकच झाला.

कागदावर आम्ही दोघींनी सोडवलं होतं. तिने तिच्या वहीत, मी माझ्या. एकदा मी तिच्या वहीतलं मोठ्याने वाचूनही दाखवलं, कोकरं गुणिले काल. तिने मान डोलावली, कारण तिच्या कानाला ते बरोबर होतं. मला वाटलं, कोकरांचं कालचं काहीतरी असेल, ती जाणे. आम्ही इतक्या वर्षांत एकमेकींच्या भाषेत इतक्या मिसळलो होतो की कोणता शब्द कुणाचा हे विचारायची सवयच राहिली नव्हती.

खेळाच्या पहिल्या दिवशी सगळं ठीक चालायचं. विहिरीत शंभर वाटे पाणी. दहा मेंढरांनी दहा वाटे प्यायले, आठ कोकरांनी पावाप्रमाणे दोन. उरले अठ्ठ्याऐंशी. दिवस संपला की माझी ओळ ते अठ्ठ्याऐंशी 'काल'मध्ये ठेवायची. आणि दुसऱ्या दिवशी महादेवीची ओळ तोच डबा उघडून प्रत्येक कोकराला पावाऐवजी अठ्ठ्याऐंशी वाटे पाजायची.

दोघींच्या ओळी एकत्र जोडल्या त्या साहेब यायच्या आधी आठ दिवस. एकदा पहिल्या दिवसापर्यंत चालवून बघितलं आणि लाईट गेली. दुसऱ्या दिवसापासून खालच्या वर्गाच्या परीक्षेसाठी कॉम्प्युटरची खोली बंद होणार होती. आम्ही सरांकडे गेलो. ते म्हणाले, "छापून द्या. मी बघतो." दुपारी दहा मिनिटं लाईट आली, तेवढ्यात आम्ही आदल्या वर्षीच्या परीक्षेच्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूवर छापून पाच पानं दिली. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाले, बघितलं, चालू द्या. आम्ही निर्धास्त झालो. मेत्रे सरांनी बघितलं म्हणजे त्यात काही राहत नाही, हे सगळ्या कॉलेजाला माहीत होतं.

साहेब आले त्या दिवशी महादेवीने आईची साडी नेसली होती. पाच जोड्यांत आमचा नंबर तिसरा होता. साहेब मऊ बोलणारे होते. पहिला दिवस त्यांनी खेळला आणि म्हणाले, अच्छा है, मेंढरांचं पाणी मोजलंय, हे कुणी केलेलं बघितलं नाही. महादेवीने माझा हात घट्ट धरला. एक दिवस खेळून ते उठायला लागले होते. तेव्हा मागे भिंतीला टेकून उभे असलेले मेत्रे सर म्हणाले, "अजून एक दिवस खेळून बघा ना."

साहेब परत बसले. दुसरा दिवस सुरू झाला, कळप विहिरीवर आला, आणि विहिरीतलं पाणी उणे सहाशे सव्वीस झालं. पडद्यावर एकेक मेंढरू आडवं पडत गेलं. पडताना ते ओरडायचं, तो आवाज आमच्याच मेंढरांचा होता, मी मोबाईलवर भरून आणला होता. अठरा वेळा तो आवाज झाला. वर्गात कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, कोई बात नहीं, आणि पुढच्या कॉम्प्युटरकडे गेले.

आमच्या वर्गातल्या संतोषला आणि त्याच्या जोडीदाराला नेलं. त्यांचा खेळ विटीदांडूचा होता, विटी लागली की गुण अधिक दहा. सर त्या खेळाला पहिल्यापासून बालवाडी म्हणत होते. पण तो शेवटपर्यंत चालला.

महादेवी रडली नाही. ती म्हणाली, चूक आपलीच होती. मलाही तसंच वाटलं. दोन दिवस मी घरी जेवले नाही, आणि वडिलांना वाटलं की मेंढरांची मापं चुकली असतील. ते म्हणाले, परत मोजू की.

तिसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली, के, ए, एल. मग सगळ्या वर्गाला आमची गोष्ट सांगितली. मराठीत काल म्हणजे गेलेला दिवस, कन्नडमध्ये काल म्हणजे पाव. "आन दखनीत तर कल म्हंजे उद्या बी," ते म्हणाले. "तिसरी एक दखनीवाली ह्यांच्यात असती तर विहीरच उठून पळाली असती." वर्ग पोट धरून हसला. सर रंगात आले होते. त्यांच्या हातात आमची ती पाच पानं होती. बोलता बोलता त्यांनी ती टेबलावर ठेवली. माझा बाक पहिला. तिसऱ्या आणि चौथ्या पानावर दोन तांबडे गोल होते, दोन्हींत तीच अक्षरं, आणि एका गोलापासून दुसऱ्यापर्यंत ओढलेली रेघ. शेजारी नेहमीसारखी तारीख आणि वेळ. आम्ही पानं दिली त्याच दिवसाची तारीख. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं.

तास संपल्यावर मी थांबले. बोलायला मला नेहमी वेळ लागतो, आणि सरांसमोर तर वाक्यंच मोडायची. मी पानावर बोट ठेवलं.

"सर, तुम्हाला आधीच दिसलं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "दिसलं होतं."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

त्यांनी पानं नीट जुळवली. मग पहिल्यांदाच त्यांनी हैदराबादचं सांगितलं. त्यांनी क्रिकेटच्या एका खेळाची स्क्रिप्ट लिहिली होती. सरासरी काढायला धावा भागिले षटकं. पहिला चेंडू पडायच्या आधी षटकं शून्य असतात, आणि शून्याने भागता येत नाही. ज्यांच्यासाठी खेळ बनवला त्यांच्यासमोर तो पहिल्या चेंडूआधीच बंद पडला. सरांच्या शेजारी बसणाऱ्याने ती ओळ आधी वाचली होती. त्याला माहीत होतं. तो बोलला नाही. महिन्याभरात सर बीदरला परत आले.

"त्या दिसापासून," सर म्हणाले, "मी एक बी भागाकार खालचा आकडा बघितल्याबिगर लिवलो न्हाई. त्यानं सांगितलं असतं तर मी ते दोन दिसात इसरलो असतो. तुमी दोघी बी आता जन्मात एका नावाचे दोन डबे ठिवणार न्हाई."

मला म्हणायचं होतं की तुमची नोकरी गेली तेव्हा तुम्ही आपल्या घरीच परत आलात, महादेवीला तर आईच्या घरी जायचं होतं. मला म्हणायचं होतं की तुम्ही नुसतं गप्प नाही बसलात, साहेब उठत होते आणि तुम्ही त्यांना परत बसवलंत. मी एवढंच म्हणू शकले, "पण सर, महादेवीची आई…"

"आई सूत्रात कुठं येती, निल?" ते म्हणाले, आणि घड्याळ बघायला तळहात समोर धरला. त्यांच्या बसची वेळ झाली होती.

मी अजून कधी कधी त्यांची बाजू मांडून बघते. कदाचित त्यांना खरंच वाटत असेल की आमचं भलं होतंय. त्यांना शिकवण्याची दुसरी रीतच माहीत नसेल. पण तांबड्या गोलाशेजारची ती वेळ आठवते, आणि मग आठ दिवसांचा हिशोब करते. आठ दिवस ते रोज मामांच्या हॉटेलात बसले. रोज महादेवीच्या हातचा चहा प्यायले. रोज तिने विचारलं असेल, सर, साखर बरोबर हाय का. चुकीची एक ओळ सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. शाईचा एक थेंब लागला नसता.

मी महादेवीला पानांचं सांगितलं. तिने विचारलं की आधीचे सगळे दिवस ते चहा पिताना काय विचार करत असतील. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. मे महिन्यात तिच्या आईवडिलांचा मुकादम सगळ्यांना घेऊन पुण्याला गेला. तिथे त्यांना बांधकामावरच पत्र्याच्या शेडमध्ये राहावं लागलं, दुसऱ्या सहा बायामाणसांबरोबर.

सरांना शेवटचं बघितलं ते जूनमध्ये. निकाल लागला होता, मला गुलबर्ग्याला प्रवेश मिळाला होता, आणि जायच्या आधी मी महादेवीला भेटायला मन्नाएखेळ्ळीला गेले. ती पास झाली होती आणि मामांच्या हॉटेलात बसत होती. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्यावरून सोलापूरकडचे ट्रक एकामागे एक चालले होते. आम्ही बोलत होतो तेवढ्यात बीदरच्या बसमधून मेत्रे सर उतरले आणि नेहमीच्या जागी, रस्त्याकडे पाठ करून बसले. जणू काही झालंच नाही.

महादेवीने चहा दिला. त्यांनी मला टक्के विचारले. मी "एक्क्याऐंशी" म्हणाले तर दशांश विचारला. महादेवीला त्यांनी आईबद्दल विचारलं नाही, पुण्याबद्दल विचारलं नाही. पुढच्या वर्षी स्क्रिप्ट कशी शिकवणार ते सांगायला लागले. नावांवरच पहिले चार तास घेणार होते. आमचं उदाहरण फार चांगलं आहे, असं उदाहरण पुस्तकात सापडणार नाही, असं म्हणाले. टेबलावर पाण्याने बोट ओलं करून ते काहीतरी लिहून दाखवत होते.

त्यांच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडे, हुमनाबादची बस येऊन थांबली. महादेवीला दिसली. मला दिसली. मी तिच्याकडे बघितलं. तिने फडकं घेतलं आणि शेजारचं टेबल पुसायला लागली, हळूहळू, कोपऱ्यापासून. चारपाच माणसं बसमध्ये चढली. कंडक्टर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. मी तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. सर बोलतच होते, कंस, नावं, डबे. मग बस निघाली. पुढची दीड तासाने होती.

बरंच बोलून झाल्यावर त्यांनी तळहात समोर धरला, घड्याळ बघितलं आणि वळून रस्त्याकडे बघितलं.

"बस आली न्हाई अजून?"

"गेली," महादेवी म्हणाली.

"गेली? तुमाला दिसली न्हाई का?"

"दिसली की, सर."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मला वाटलं आता ते चिडतील. मला ते हवं होतं. निदान एकदा त्यांनी मान खाली घालावी असं फार वाटत होतं. पण वहीतलं गणित शेवटच्या पायरीपर्यंत बरोबर आलं की त्यांचा चेहरा जसा निवायचा, तसा तो निवला. त्यांनी मान डोलावली. आम्ही हे त्यांच्याकडूनच शिकलो, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांना ते आवडलं होतं.

महादेवीने त्यांच्यासमोरचा पेला उचलला. त्यात अजून अर्धा चहा होता. तो तिने त्यांच्या देखत मोरीत ओतला आणि आत गेली.